एकदा फोडलेले घरच पुन्हा का फोडले जाते?

कृष्णाकाठ

माझी मावशी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वस्तीच्या अगदी कडेला असलेल्या बैठ्या घरात एकटी राहते. तिचे वय ७१ आहे. यंदाच्या दिवाळीत ती चार दिवस लेकीकडे पुण्याला गेली असताना मागील दाराचा कडी-कोयंडा उचकटून घरफोडी झाली. कपाटातील दोन पाटल्या, देवघरातील चांदीची निरांजने आणि डब्यात ठेवलेले ११ हजार रुपये गेले. रीतसर फिर्याद दिली, पंचनामा झाला, ठसे घेणारे येऊन गेले. त्यानंतर ३७ दिवसांनी ती एका लग्नासाठी एकाच रात्रीपुरती कराडला गेली आणि त्याच रात्री, त्याच दाराने, पुन्हा चोरी झाली. या वेळी पहिल्या खेपेला भिंतीवरच सोडलेला टीव्ही नेला, भरलेला गॅस सिलिंडर नेला, आणि जावयाने नुकताच आणून दिलेला मिक्सर खोक्यासकट नेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ते दार पाहिले. पहिल्या चोरीनंतर बसवलेला कोयंडा चांगला जाड होता आणि कुलूपही भारी होते. ते कुलूप शेवटपर्यंत तुटलेच नाही. कोयंडा कुलपासकट निघून जमिनीवर पडला होता आणि त्याच्या चारही स्क्रूंना लाकडाचा भुसा चिकटलेला होता. ज्या चौकटीला पहिल्या वेळी पहार लागून चीर गेली होती, त्याच चिरेत नवे स्क्रू पिळलेले होते.

आता नातेवाइकांची मते ऐकून आम्ही थकलो आहोत. कोणी वास्तुदोष म्हणतो, कोणी साडेसाती म्हणतो, आणि एका चुलत मामांनी तर तोंडावर सांगितले की एकट्या बाईने कडेच्या घरात राहणे म्हणजे चोराला आवतण देणे होय. मावशीने हे सारे मनाला लावून घेतले असून आता ती घर सोडून कोठेही जायला तयार नाही.

माझा प्रश्न सांत्वनासाठी नाही. माझ्या सामान्य बुद्धीला असे वाटत होते की एकदा चोरी झाली की घरचे लोक सावध होतात, शेजारी सावध होतात, पोलिसांची नजर असते, म्हणून चोर त्या घराच्या वाटेला जाणार नाही. प्रत्यक्षात उलटे घडले. हा निव्वळ योगायोग आहे, की काही घरांच्या आणि काही माणसांच्या वाट्याला गुन्हा पुन्हा पुन्हा येतो यामागे काही कारण आहे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

लँकेशायरकर

मी गेली काही वर्षे मँचेस्टरजवळ राहतो आणि गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी आहे. आपल्या मावशींच्या बाबतीत जे घडले त्याला या शास्त्रात ‘रिपीट व्हिक्टिमायझेशन’, म्हणजे पुन्हा बळी पडणे, असे नाव आहे, आणि त्याचा सर्वांत गाजलेला अभ्यास माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर झालेला आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रॉचडेल हे गाव आपल्याकडे सहकाराचा अभ्यासक्रम केलेल्यांना ठाऊक असते, कारण १८४४ साली तेथील विणकरांनी काढलेल्या दुकानापासून सहकारी चळवळीचा इतिहास सांगतात. त्याच रॉचडेलमध्ये कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे; त्या काळी तिच्यात नगरपालिकेने भाड्याने दिलेली सुमारे २,३०० घरे होती. १९८५ च्या सुमारास तेथे घरफोड्यांनी कहर केला होता. इंग्लंडमधील ज्या वस्त्या मुळातच धोक्याच्या म्हणून गणल्या जात, त्यांच्याही दुपटीहून अधिक प्रमाण येथे होते. डेव्हिड फॉरेस्टर, माइक चॅटरटन आणि केन पीझ या तिघांच्या पुढाकाराने येथे घरफोडी रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यांनी चोरी झालेल्या घरांतील माणसांशी, त्यांच्या शेजाऱ्यांशी आणि पकडल्या गेलेल्या घरफोड्यांशीही बोलून माहिती गोळा केली. तेव्हा असे दिसले की ज्या घरात एकदा चोरी झाली आहे, तेथे पुन्हा चोरी होण्याची शक्यता इतर घरांच्या चौपट आहे.

मग त्यांनी एक साधा निर्णय घेतला. सबंध वसाहतीला कुलपे वाटत बसण्यापेक्षा, ज्याच्याकडे चोरी झाली त्याच्याकडे लगेच जायचे आणि चोर ज्या दाराने किंवा खिडकीने आत आला, नेमकी तीच जागा पक्की करायची. वसाहतीतील पुष्कळ घरांत नाणी टाकून वीज किंवा गॅस घ्यायचे मीटर होते. ती पेटी म्हणजे घरोघरी ठेवलेला गल्लाच होता आणि जवळपास निम्म्या चोऱ्यांत त्यातील रोकड गेलेली होती. ते मीटर बदलण्याची व्यवस्था करण्यात आली. तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत आवडते. चोरी झालेल्या घराच्या आजूबाजूच्या साधारण सहा घरांना त्या एका घरावर लक्ष ठेवण्याची विनंती करण्यात आली. याला त्यांनी ‘कोष’ म्हटले, रेशमाच्या किड्याभोवती असतो तसा.

प्रकल्पाच्या आधीच्या वर्षी तेथे ५२६ घरफोड्यांची नोंद होती. तिसऱ्या वर्षी ती १३२ वर आली. यात एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात गुन्हेगारांच्या कर्जबाजारीपणावर, व्यसनांवर आणि वस्तीतील मुलांवरही काम झाले, त्यामुळे सगळे श्रेय कुलपांना आणि शेजाऱ्यांना देता येत नाही. शिवाय नंतर अन्यत्र हाच प्रयोग झाला तेव्हा सगळीकडे असे घवघवीत यश आले नाही.

आता आपला मूळ प्रश्न, म्हणजे असे का होते. याची दोन उत्तरे दिली जातात आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले असे की काही घरांवर जणू खूणच केलेली असते. घर कडेला आहे, मागे शेत किंवा गल्ली आहे, दिवसभर कोणी नसते, मागील दार रस्त्यावरून दिसत नाही. अशा घराकडे आज एक चोर आकर्षित होईल, उद्या त्याला न ओळखणारा दुसरा होईल, आणि दोघांची कारणे एकच असतील. दुसरे उत्तर असे की पहिला गुन्हाच दुसऱ्याला जन्म देतो. आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो. हे ‘सोकावणे’ म्हणजेच ते दुसरे कारण होय, आणि मला तरी त्याला याहून नेमका मराठी शब्द सुचत नाही. पहिल्या खेपेला चोर भीत भीत येतो. परतताना त्याला दार किती ताकदीने निघते, कुत्रे आहे की नाही, शेजारचा दिवा लागतो की नाही, कपाट कोठे आहे, आणि वजनामुळे किंवा वेळेअभावी आपण काय मागे ठेवले आहे, हे सगळे ठाऊक झालेले असते. आपल्या मावशींचा टीव्ही पहिल्या वेळी भिंतीवर राहिला होता, हे आपण लिहिले आहे. त्यात भर म्हणजे चोरीनंतर माणसे गेलेल्या वस्तू नव्या घेतात, आणि हेही चोराला कळते. तुरुंगातील घरफोड्यांच्या मुलाखतींत हे कारण त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे.

दुसऱ्या कारणाचा मोठा पुरावा काळाच्या हिशेबात सापडतो. कॅनडातील सॅस्काटून शहराच्या नोंदी तपासल्या तेव्हा चोरीनंतरच्या पहिल्या महिन्यात पुन्हा चोरी होण्याचा धोका अपेक्षेच्या सुमारे बारापट निघाला, आणि पुढे महिन्यागणिक तो उतरत गेला. घर कडेला असल्यामुळेच सारे घडत असते, तर धोका वर्षभर सारखाच राहिला असता, कारण घर काही जागा बदलत नाही. इंग्लंडमधील मर्सीसाइडच्या नोंदींवरून पुढे असेही दिसले की एका घरात चोरी झाल्यावर साधारण ४०० मीटरच्या आतील घरांनाही एक-दोन महिने जास्त धोका असतो. म्हणजे मावशींच्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात त्यांचाही स्वार्थ आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.

सांख्यिक

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु एक शंका आहे. समजा एका गावात ५०० घरे आहेत आणि वर्षात २० घरफोड्या होतात. त्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तरी एखाद्या घराच्या वाट्याला दोन येण्याची शक्यता साधारण तीनात एक इतकी निघते. मग धागाकर्ते (प्रश्न विचारणारे) कृष्णाकाठ यांच्या मावशींचे घर हे ते एखादे दुर्दैवी घर नसेल कशावरून?

लँकेशायरकर

आपला हिशेब बरोबर आहे आणि एका घरावरून काहीही सिद्ध होत नाही, हेही मान्य आहे. मोठ्या नोंदींत मात्र चिठ्ठ्यांचे गणित टिकत नाही. १९९२ च्या ब्रिटिश गुन्हे सर्वेक्षणाच्या आकड्यांत सुमारे ४ टक्के लोकांच्या वाट्याला सुमारे ४४ टक्के गुन्हे आलेले दिसले. योगायोगाने इतका ढीग एका जागी साचत नाही. शिवाय तोच दरवाजा, तीच चीर आणि आधी सोडलेली वस्तू, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर मी तरी योगायोगावर पैज लावणार नाही.

माजी फौजदार

पोलीस खात्यात ३३ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. त्यांतील बराच काळ ग्रामीण ठाण्यांत गेला. लँकेशायरकर यांनी जे शास्त्र सांगितले ते आमच्या जुन्या हवालदारांना अनुभवाने ठाऊक होते, पण ते कागदावर कधी आले नाही. त्याचे कारण सांगतो.

ठाण्यातील गुन्हा नोंदवही अनुक्रमांकाने चालते. जानेवारीत एक क्रमांकापासून सुरुवात होते आणि डिसेंबरअखेर ती संपते. नोव्हेंबरात एका घरी चोरी झाली आणि जानेवारीत त्याच घरी पुन्हा झाली, तर दुसरा गुन्हा नव्या वर्षाच्या यादीत जातो, त्याचा तपास अनेकदा दुसऱ्या अंमलदाराकडे जातो, आणि पहिल्याची आठवण केवळ फिर्यादी काढतो. आपली राष्ट्रीय आकडेवारीही गुन्हे मोजते, माणसे मोजत नाही; एका प्रथम खबरी अहवालात अनेक कलमे असतील तर त्यांपैकी सर्वांत गंभीर कलमाखाली तो एकदाच मोजला जातो. त्यामुळे या देशात किती घरे वर्षात दोनदा फुटली, याचे उत्तर त्या वार्षिक अहवालातून काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही. त्यात दुसऱ्या वेळी माणसे ठाण्याची पायरी चढण्यास कंटाळतात. पहिल्या वेळी काय हाती लागले, असे विचारतात, आणि त्यांना उत्तर देणे आम्हालाही अवघड जात असे.

धागाकर्त्यांच्या मावशींबद्दल मला सर्वप्रथम माहीतगाराचा संशय येतो. ती पुण्याला चार दिवस गेली हे दिवाळीत कोणीही ओळखू शकतो; पण लग्नाला एकाच रात्रीसाठी गेली हे कळायला घरावर नजर हवी किंवा कानावर बातमी पडायला हवी. सिलिंडर भरलेला आहे हेही उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. सिलिंडर आणि टीव्ही न्यायला वाहन लागते, म्हणून पहिल्या खेपेस एकटा किंवा पायी आलेला माणूस दुसऱ्या खेपेस साथीदार आणि गाडी घेऊन आला असावा. या दोन्ही गुन्ह्यांचे कागद एकत्र ठेवून तपास करावा, असा लेखी अर्ज दोन्ही गुन्हा क्रमांक घालून द्यावा आणि पोहोच घ्यावी. पोहोच घेतलेला अर्ज आणि तोंडी विनंती यांत किती अंतर असते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

आमच्या एका ठाण्यात एका हवालदारांची पद्धत होती. बीटमध्ये, म्हणजे त्यांच्या गस्तीच्या हद्दीत, घरफोडी झाली की पुढील दीड-दोन महिने रात्रगस्तीत ते त्या घरासमोर सायकल थांबवून घंटी वाजवत. आम्ही त्यांची थट्टा करीत असू. त्यांचे म्हणणे एवढेच होते की चोराने पाहिलेली वाट ही आपणही पाहिली पाहिजे.

समुपदेशक मुंबई

मी कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी समुपदेशनाचे काम करते. येथील चर्चा उत्तम चालली आहे, तरीही घरफोडीचे उत्तर सर्व गुन्ह्यांना लावू नये, यासाठी लिहीत आहे. चोर बाहेरून येतो, त्याला घर शोधावे लागते, वाट पाहावी लागते. ज्या घरात मारणारा माणूस रात्री त्याच पंगतीला जेवायला बसतो, तेथे ‘पुन्हा’ हा शब्दच अपुरा पडतो. तेथे दहा घटना नसतात. एकच गोष्ट वर्षानुवर्षे चालू असते आणि आपण तिच्यातील काही दिवस मोजतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. अशी हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या स्त्रिया फक्त १४ टक्के होत्या. आमच्याकडे येणारी स्त्री पहिल्या थपडेनंतर येत नाही. ती येते तेव्हा तिच्या पिशवीत सरकारी दवाखान्याचे तीन-चार केसपेपर घडी घालून ठेवलेले असतात, आणि प्रत्येकावर ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्याने’ असे लिहिलेले असते. तिनेच तसे सांगितलेले असते, कारण तिला त्याच संध्याकाळी त्याच घरी परत जायचे असते. तिच्याकडे माहेरचा आधार नसतो, स्वतःच्या नावावर खोली नसते, मुलांची शाळा तेथेच असते. हे सगळे मारणाऱ्याला ठाऊक असते. सोकावणे हा शब्द येथेही लागू आहे, फक्त तो कुलपाच्या कमजोरीवर सोकावत नाही, तर आजूबाजूच्या शांततेवर सोकावतो. थपडेचा आवाज शेजारी ऐकतात आणि टीव्ही मोठा करतात, इतके त्याला पुरेसे असते.

म्हणून धागाकर्त्यांच्या चुलत मामांच्या वाक्याबद्दलही लिहावेसे वाटते. ‘आवतण दिले’ ही कल्पना केवळ आपल्या घरांतील नाही. तिला विद्यापीठांतही प्रतिष्ठा मिळालेली होती. गुन्हेशास्त्रज्ञ हान्स फॉन हेंटिग यांनी १९४८ मध्ये बळी पडणाऱ्याचाही गुन्ह्यात वाटा असतो, अशी मांडणी केली. मार्विन वुल्फगँग यांनी १९५८ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील ५८८ खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सुमारे चतुर्थांश प्रकरणांत बळ वापरण्यास प्रथम मृतानेच सुरुवात केली होती, असे दाखवले. दारूच्या गुत्त्यावरील मारामारीला ते लागू पडत असेलही. १९७१ मध्ये मेनाकेम आमिर यांनी हीच कल्पना बलात्कारपीडित स्त्रियांना लावली, तेव्हा स्त्री-संघटनांनी आणि पुढे अभ्यासकांनीही तिच्यावर कडाडून टीका केली, आणि ती योग्यच होती. कमकुवत चौकट हे चोरीचे कारण सांगताना आपण सहजपणे चौकटीला दोष देतो. माणसाबद्दल बोलताना तीच भाषा वापरली की ती चुकते, कारण निवड करणारा गुन्हेगार असतो आणि तो अशीच व्यक्ती निवडतो जिच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही, असे त्याला वाटते.

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तींना मोठेपणीही अत्याचाराचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याची कारणे गुंतागुंतीची आहेत. धोक्याची जाणीव बोथट होते किंवा सतत जागी राहिल्याने निरुपयोगी होते, विश्वास कोणावर ठेवावा याचे माप बिघडते, घरातूनच अविश्वास दाखवला गेला असेल तर पुढच्या वेळी सांगण्याचे धैर्य उरत नाही. अशा व्यक्तीला ‘तुझ्याच बाबतीत असे का होते’ असे विचारणे म्हणजे त्या पहिल्या अविश्वासाची पुनरावृत्ती करणे होय. हा प्रश्न तिला नातेवाईक विचारतात, कधी कधी डॉक्टर विचारतात, आणि ती स्वतःला तर रोजच विचारते.

कायद्याबाबत थोडक्यात सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळतो, राहत्या घरात राहण्याचा आदेशही मिळतो, आणि संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईत १९८४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष चालवला, आणि पोलीस ठाण्यातच समाजकार्यकर्ती बसण्याची ती पद्धत पुढे इतरत्रही गेली. याचा मोठा फायदा असा की स्त्री दुसऱ्यांदा येते तेव्हा तिची पहिली भेट कोणाच्या तरी लक्षात असते. इंग्लंडातील लीड्स शहराच्या किलिंगबेक भागात १९९७ मध्ये हेच तत्त्व पोलिसांनी वापरले होते. एकाच घरातून पुन्हा बोलावणे आले की कारवाईची पायरी चढत जाई, म्हणजे पहिल्या वेळी केलेले तेवढेच पुन्हा करून अधिकारी परत जात नसत. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्या तक्रारीला पहिल्यापेक्षा कमी गांभीर्य मिळते. ‘ही तर नेहमीची बाई’ हे शब्द मी स्वतः ऐकलेले आहेत.

पासबुक

मी बँकेत आहे, तेव्हा तिसऱ्या एका प्रकाराबद्दल लिहितो, कारण त्यात पहिला गुन्हाच दुसऱ्याला जन्म देतो हे सर्वांत उघडपणे दिसते.

आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक येतात. शेअरमध्ये भरघोस परतावा देणाऱ्या एका बनावट अ‍ॅपमध्ये त्यांचे सव्वाचार लाख रुपये गेले. तक्रार केली, पण पैसे पुढे वळवले गेले होते. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी त्यांना फोन आला की आम्ही सायबर शाखेतून बोलत आहोत, तुमचे पैसे गोठवलेल्या खात्यात सापडले आहेत, ते सोडवण्यासाठी साडेअठरा हजार रुपये प्रक्रिया शुल्क भरा. पाठोपाठ तीन सिंहांच्या मुद्रेचे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आले. त्यात गुरुजींचे नाव, गेलेली रक्कम आणि व्यवहाराची तारीख अचूक होती. गुरुजींचा विश्वास बसला तो नेमका त्या अचूकपणामुळे. ‘एवढी माहिती पोलिसांशिवाय कोणाला असणार?’ असे त्यांनी मला विचारले. मी उत्तर दिले की चोराला असणार. ते बराच वेळ काउंटरसमोर तसेच उभे राहिले, आणि मग भरलेली स्लिप त्यांनी हळूच खिशात ठेवली.

फसलेल्या लोकांची नावे, क्रमांक आणि रकमा यांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जातात. नव्या माणसाला फसवायला मेहनत पडते, फसलेल्याला फसवायला कमी पडते, कारण त्याला स्वतःलाच ते पैसे परत यायला हवे असतात. दुसऱ्या वेळी लोभ नसतो, आशा असते, आणि लोभापेक्षा आशेला आवर घालणे कठीण असते, असा माझा अनुभव आहे. भर म्हणजे पहिल्या वेळी लाजेने घरी सांगितलेले नसते. गुरुजींच्या पत्नीला आजही सव्वाचार लाखांचा पत्ता नाही. जो माणूस घरी सांगू शकत नाही, त्याला सावध करणारेही कोणी उरत नाही.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम वाटेत अडवता येते ती पहिल्या काही तासांतच. आणि ज्यांचे आधी गेले आहेत त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की गेलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस, बँक किंवा न्यायालय कोणीही फोनवरून शुल्क मागत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समुपदेशक यांचा प्रतिसाद मी मावशीला फोनवर वाचून दाखवला. ‘चौकटीला दोष द्या, माणसाला नको’ असे काहीसे तिने त्यातून उचलले आणि ते वाक्य आता ती चुलत मामांना ऐकवणार आहे, असे दिसते. दोन्ही गुन्हा क्रमांक घालून अर्ज लिहिला आहे.

शेजारच्या तीन घरांशी बोललो. लँकेशायरकर यांनी सांगितलेला ४०० मीटरचा मुद्दा खरोखर उपयोगी पडला. तोपर्यंत सहानुभूतीने मान डोलावणारे एक गृहस्थ त्यानंतर स्वतःचे मागील दार पाहायला उठले. मात्र सहा घरांचा कोष आमच्याकडे जमणार नाही, कारण मावशीच्या घराच्या एका अंगाला ऊस आहे आणि तो अजून महिनाभर तरी तुटणार नाही. माजी फौजदार साहेबांना विचारायचे होते की दाराबाबत नेमके काय करावे आणि मावशीला किती दिवस एकटी ठेवू नये.

माजी फौजदार

चिरलेल्या चौकटीत पुन्हा स्क्रू मारू नका, मग ते कितीही लांब असोत. सुताराकडून चौकटीचा तेवढा उभा खांब बदलून घ्यावा. ते लगेच शक्य नसेल तर आतून लोखंडी पट्टी लावून कोयंड्याचे बोल्ट आरपार काढावेत आणि नट आतल्या बाजूने आवळावेत, म्हणजे बाहेरून पहार लावली तरी तो उपसून येणार नाही. मागील दाराला आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा, घालावा. आपल्या जुन्या वाड्यांना तो असेच आणि त्याला तोडगा चोरांनाही सापडत नसे. ती बाहेर जाईल तेव्हा पुढील दाराने बाहेर पडावे. उसाच्या बाजूला एक दिवा लावा आणि त्याचे बटण शेजाऱ्यांकडे द्या, कारण रोज ठरावीक वेळी लागणारा दिवा चोर दोन दिवसांत ओळखतो.

ती घरात असताना चोर दोन्ही वेळा आलेला नाही, म्हणून तिला घराबाहेर पडण्याची भीती घालू नका. घर रिकामे राहणार असेल त्या रात्री कोणी तरी झोपायला यावे, इतकेच पाहा. टीव्ही आणि मिक्सर नवा घेण्याची घाई करू नये, आणि घेतलाच तर खोके अंगणात ठेवू नये. दुसऱ्या चोरीला आज किती दिवस झाले, ते कळवावे.

कृष्णाकाठ

आज १९ दिवस झाले. सुताराला उद्या सकाळी बोलावले आहे. जावयाने मिक्सर आणला तेव्हा त्याचे खोके अंगणातच, तुळशीपाशी, दोन दिवस पडून होते, हे मावशीला आता आठवले.